वर्गणीचं सॉफ्टवेअर घ्यावं का? शिरोलीच्या एका कारखानदाराला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शिरोली एमआयडीसीत मशिन शॉप, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, उलाढाल अकरा कोटींच्या आसपास, ऑफिस आणि स्टोअर मिळून बारा कॉम्प्युटर. हिशेबाचं सॉफ्टवेअर विकत घेतलेलं आहे आणि ते ऑफिसातल्या सर्व्हरवर चालतं. हा सर्व्हर आता थकलाय. एका विक्रेत्याने क्लाउड ईआरपीचं, म्हणजे स्टोअरपासून हिशेबापर्यंत सगळं एकत्र सांभाळणाऱ्या, नेटवरून वापरायच्या वर्गणीच्या सॉफ्टवेअरचं कोटेशन दिलंय: दर युजरमागे महिन्याला ९०० रुपये, तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तर २० टक्के सूट, आणि सूट महिनाअखेरपर्यंतच. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. परवडतं का? डेटा सुरक्षित राहील का? आणि जुन्या सर्व्हरचं काय करायचं?

आधी मत सांगतो, मग कारणं. स्टोअर, जॉबवर्क, उत्पादन आणि डिस्पॅच क्लाउडवर न्या. ईमेल आणि रोजच्या फायली न्यायला तर थांबूच नका. हिशेबाची पुस्तकं मात्र निदान पहिलं वर्षभर विकत घेतलेल्या लायसन्सवरच राहू द्या. तीन वर्षांचे पैसे एकदम भरू नका. आणि सही करण्याआधी विक्रेत्याकडून एक काम डोळ्यांसमोर करून घ्या: तुमचा एका महिन्याचा खरा डेटा त्याच्या सिस्टिममध्ये भरायचा आणि मग तो सगळाच्या सगळा बाहेर काढून दाखवायचा.

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, पुणे या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या सिस्टिम बसवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. वर्गणीच्या सॉफ्टवेअरमुळे अडकलेले जे धंदे पाहिले, त्यांची तक्रार महिन्याच्या बिलाची क्वचितच होती. सोडायची वेळ आली तेव्हा स्वतःचाच डेटा धड हातात आला नाही, हे त्यांचं दुखणं होतं. म्हणून या उत्तरात मी आत जाण्यापेक्षा बाहेर पडण्याविषयी जास्त बोलणार आहे.

विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारा: नेमकं काय देताय? आपल्याकडे तीन अगदी वेगळ्या वस्तू क्लाउड म्हणून विकल्या जातात. पहिली, ब्राउझरमध्ये उघडणारं आणि सगळ्या ग्राहकांसाठी एकाच ठिकाणी चालणारं सॉफ्टवेअर. १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या सेल्सफोर्सने ही पद्धत रुळवली. आपल्याकडे चेन्नईची झोहो त्याच वाटेची. यात नवी आवृत्ती आली की ती सगळ्यांनाच मिळते, नको म्हणता येत नाही. दुसरी, कॉम्प्युटरवर चालणारंच सॉफ्टवेअर, पण लायसन्स वर्षावर्षाच्या वर्गणीचं. अडोबीने मे २०१३ मध्ये जाहीर केलं की क्रिएटिव्ह सूटची पुढची आवृत्ती विकत मिळणार नाही, फक्त वर्गणीवर. डिझाइन करणाऱ्यांनी तेव्हा बरीच ओरड केली, पण आज तीच रीत झाली आहे. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस अजून दोन्ही प्रकारे मिळतं, तरी विक्रेते सहसा वर्गणीचंच पुढे करतात.

तिसरा प्रकार आपल्या भागात सगळ्यात जास्त खपतो आणि त्याबद्दल सगळ्यात कमी विचारलं जातं. तुमचंच जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर कुठल्यातरी भाड्याच्या सर्व्हरवर टाकायचं आणि तुम्ही रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवरून नेटने तो दूरचा सर्व्हर चालवून, त्यात शिरायचं. सोय चांगली आहे. मालक पुण्याहून बघतो, सीए आपल्या ऑफिसातून बघतो. पण तो सर्व्हर बहुतेक वेळा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा नसतो. एखाद्या स्थानिक डीलरने डेटा सेंटरमधला एक सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर आपले वीस-पंचवीस ग्राहक बसवलेले असतात. डीलरने डेटा सेंटरचं भाडं थकवलं तर तुम्ही नियमित पैसे भरूनही बंद पडता. असं कोटेशन असेल तर विचारा: सर्व्हर कोणत्या डेटा सेंटरमध्ये आहे, खातं कोणाच्या नावावर आहे, बॅकअप त्याच सर्व्हरवर आहे की दुसरीकडे? उत्तर देताना डीलर अडखळला तर पुढे जाऊ नका.

तुमचं कोटेशन पहिल्या प्रकारचं दिसतंय, तेव्हा त्याचा हिशेब मांडू. बारा युजर, ९०० रुपये, बारा महिने: वर्षाला १,२९,६०० रुपये. यावर १८ टक्के जीएसटी लागेल, पण त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो बाजूला ठेवू. वर्गणी दरवर्षी १० टक्क्यांनी वाढेल असं धरा, कारण ती वाढतेच. पाच वर्षांचे होतात साधारण ७ लाख ९१ हजार. सुरुवातीची मांडणी आणि ट्रेनिंगचे एक लाख आणि दुसऱ्या कंपनीच्या इंटरनेट लाइनचे वर्षाला बारा हजार धरले, की बेरीज जाते साडेनऊ लाखांवर.

आता त्याच ताकदीचं सॉफ्टवेअर विकत घेऊन स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं असं धरू. माझे अंदाजी आकडे देतो, तुम्ही तुमचे घाला. सर्व्हर १ लाख ८० हजार. यूपीएस आणि बॅटऱ्या ४० हजार, तिसऱ्या वर्षी बॅटऱ्या बदलायला २० हजार. लायसन्स २ लाख ७० हजार. दुसऱ्या वर्षापासून अपडेटचं रिन्युअल ५० हजार, चार वर्षांचे दोन लाख. हार्डवेअरवाल्याची एएमसी (वार्षिक देखभाल करार) महिन्याला दोन हजार, पाच वर्षांचे १ लाख २० हजार. सर्व्हर चोवीस तास चालतो, त्याची आणि त्या खोलीच्या एसीची वीज वर्षाला तीस हजार धरली तर दीड लाख. एकूण ९ लाख ८० हजार.

म्हणजे पाच वर्षांचा खर्च जवळजवळ सारखाच आला. बहुतेक मध्यम आकाराच्या कारखान्यांत मला हेच दिसतं. विक्रेता पहिल्या वर्षाचा आकडा दाखवून क्लाउड स्वस्त ठरवतो आणि जुना हार्डवेअरवाला लायसन्सचाच आकडा दाखवून सर्व्हर स्वस्त ठरवतो. वीज, बॅटरी, एएमसी दोघांच्याही कागदावर नसते. सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत तोच सर्व्हर ताणला तर विकत घेतलेलं स्वस्त पडतं, हे खरं. पण ताणलेला सर्व्हर ऐन मार्चअखेरीला बसला तर वाचवलेले पैसे एका आठवड्यात जातात, हेही खरं. आयकरात फरक इतकाच की सर्व्हर आणि लायसन्स भांडवली खर्चात जातात आणि त्यावर ४० टक्क्यांनी घसारा मिळतो, तर वर्गणी त्या त्या वर्षाचा खर्च म्हणून पूर्ण धरली जाते. एवढ्यासाठी इकडून तिकडे जाऊ नये.

खर्च सारखाच असेल तर निर्णय कशावर करायचा? तुमच्या बाबतीत माझ्यासमोर पहिली गोष्ट येते ती पंचगंगा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बंद झाली. ज्यांचे सर्व्हर तळमजल्यावर होते त्यांनी काय सोसलं, ते तुम्हाला मी सांगायला नको. ज्यांचे कोरडे राहिले, त्यांनाही कारखान्यापर्यंत पोचता येत नव्हतं. ग्राहकाला बिल पाठवायचंय, जीएसटीची तारीख जवळ आलीय आणि सर्व्हर बंद शटरच्या आत. अशा वेळी गडहिंग्लजला घरी बसलेला तुमचा माणूस मोबाइलच्या नेटवर लॅपटॉप जोडून काम करू शकला, तर त्याची किंमत कुठल्याच कोटेशनमध्ये लिहिलेली नसते. नदीकाठच्या कारखान्यांना मी क्लाउड सुचवतो त्याचं हे सगळ्यात मोठं कारण.

इंटरनेट गेलं तर काय, ही शंका सगळेच काढतात. नेट जातं, रस्त्याच्या कामात फायबर तुटते, खरं आहे. पण १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. तुम्ही अकरा कोटींवर आहात. नेटशिवाय आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा सरकारी नोंदणी क्रमांक) मिळत नाही, ई-वे बिल (माल नेताना लागणारा कागद) बनत नाही, म्हणजे गाडी गेटबाहेर जात नाही, मग सॉफ्टवेअर तुमच्या सर्व्हरवर असो की मुंबईत. नेटवर तुम्ही आजच अवलंबून आहात. तेव्हा दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घ्या. एक केबलने आणि दुसरी सिमवर चालणारी असली तर उत्तम, कारण दोन्ही केबल एकाच खांबावरून येत असतील तर त्या एकदमच तुटतात.

आता सुरक्षिततेकडे. मोठ्या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर तुमच्या ऑफिसातल्या सर्व्हरपेक्षा सुरक्षित असतं, यात मला शंका नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत, अमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली केंद्रं सुरू केली. त्यांच्याइतकी वीज, पहारा आणि माणसं तुम्ही-मी ठेवू शकत नाही. पण इमारत सुरक्षित असली म्हणजे तुमचा डेटा सुरक्षित झाला असं होत नाही. चार घटना सांगतो. चारही वेगळ्या कारणाच्या आहेत आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे.

१० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक पूर्ण इमारत जळाली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांचा डेटा कायमचा गेला. दुसऱ्या शहरात प्रत ठेवणारे पुन्हा उभे राहिले. तेव्हा विक्रेता म्हणाला की रोज बॅकअप होतो, तर विचारा, तो कुठल्या शहरात जातो.

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं प्रायव्हेट क्लाउड, म्हणजे त्यांच्यापुरती राखलेली यंत्रणा, पुसलं गेलं. सहा लाखांवर सभासद असलेला फंड. त्यांनी दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवल्या होत्या, पण दोन्ही एकाच वर्गणीखाली, त्यामुळे दोन्ही गेल्या. कारण होतं गूगलच्या बाजूने मांडणी करताना राहिलेली एक चूक. दुसऱ्याच कंपनीकडे ठेवलेला बॅकअप होता, तो सावरताना कामी आला. इतक्या मोठ्या संस्थेवर ही वेळ येते, तर तुमची एक प्रत त्या विक्रेत्याच्या आवाक्याबाहेर असलीच पाहिजे.

तिसरी घटना जून २०१४ ची. कोड स्पेसेस नावाची कंपनी अमेझॉनच्या क्लाउडवर चालायची. कोणीतरी तिच्या खात्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शिरलं, खंडणी मागितली आणि कंपनीने प्रतिकार करताच डेटा आणि बॅकअप दोन्ही पुसले. कंपनी बंद झाली. अमेझॉनची यंत्रणा कुठेही फुटली नव्हती, खात्याची चावी चोराच्या हाती लागली होती. लहान धंद्यांना खरा धोका मला इथेच दिसतो, त्यावर पुढे सविस्तर बोलतो.

चौथी आपल्या शेजारची. जुलै २०२५ मध्ये गुजरातमधल्या वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीची ईमेल आणि इतर सेवा मायक्रोसॉफ्टने थांबवल्या. नायरात रशियाच्या रोसनेफ्टची भागीदारी, आणि युरोपीय संघाने तिच्यावर नुकतेच निर्बंध घातले होते. पूर्ण पैसे भरलेली लायसन्स होती असं नायराचं म्हणणं. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. तुमच्यावर कोणी निर्बंध घालणार नाही, पण परदेशातल्या एका निर्णयाने भारतातली सेवा एका दिवसात थांबू शकते हे यातून दिसलं. नायराकडे वकिलांची फौज होती. तुम्हाला त्या दिवशी लागेल ती स्वतःकडे असलेली ताजी प्रत.

आता त्या चावीविषयी. कारखान्यात गेलो की मी सर्व्हरच्या आधी हे विचारतो: वेबसाइटचं डोमेन (तिचं नेटवरचं नाव) कोणाच्या नावावर आहे? निम्म्या ठिकाणी उत्तर येतं, ‘ते वेबसाइटवाल्याने घेतलंय.’ तो वेबसाइटवाला फोन उचलेनासा झाला की कंपनीचा ईमेल पत्ता त्याच्या हातात अडकतो. पासवर्ड बदलण्याच्या सगळ्या लिंक त्याच ईमेलवर येतात, म्हणजे बाकीची दारंही त्याच्याच हातात. डोमेन आधी कंपनीच्या नावावर करून घ्या. दुसरं, मुख्य अॅडमिनचं खातं हिशेबनिसाच्या नावाने आणि ओटीपी त्याच्या खासगी मोबाइलवर, ही सर्रास चालणारी गोष्ट थांबवा. तो माणूस कितीही विश्वासू असला तरी नोकरी बदलू शकतो, आजारी पडू शकतो. कंपनीच्या नावाने एक वेगळं सिम घ्या, ते संचालकाकडे ठेवा आणि अॅडमिनचे ओटीपी त्यावर येऊ द्या. शक्य तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अॅप वापरा आणि त्याचे रिकव्हरी कोड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. बारा जणांचे बारा वेगळे लॉगिन हवेत. युजरमागे पैसे लागतात म्हणून स्टोअरमधले तिघं एकच लॉगिन वापरतात. मग स्टॉकमध्ये घोळ झाला की कोणाची एन्ट्री ते कळत नाही, आणि एडिट लॉगला, म्हणजे कोणी कधी काय बदललं याच्या नोंदीला, काही अर्थ उरत नाही.

एडिट लॉगचा विषय निघालाच आहे, तर हिशेब मी बाजूला का ठेवायला सांगतोय ते सांगतो. तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड आहात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज असला पाहिजे. कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे आठ वर्षांची पुस्तकं जपायची, आणि जीएसटीसाठी वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने. ऑडिटरलाही आपल्या अहवालात लिहावं लागतं की ही बदलांची नोंद जपली आहे की नाही.

आता हे वर्गणीच्या शेजारी ठेवून बघा. तीन वर्षांनी तुम्ही हे सॉफ्टवेअर सोडलं. विक्रेता म्हणेल, एक्सेलमध्ये सगळा डेटा देतो. त्या एक्सेलमध्ये व्हाउचर असतील, लेजर असतील, पण कोणी कधी काय बदललं याची नोंद असेल का? बहुतेक निर्यातीत ती नसते. मग पुढची पाच वर्षं ऑडिटरला काय दाखवणार? काही कंपन्या कमी वर्गणीत नुसतं बघण्यापुरतं खातं चालू ठेवतात, काही ठरावीक दिवसांनी डेटा पुसून टाकतात. विकत घेतलेल्या लायसन्सला हा प्रश्न येत नाही. अपडेटचं रिन्युअल बंद केलं तरी जुनं सॉफ्टवेअर उघडतं आणि जुनी पुस्तकं दिसतात. म्हणून हिशेब नवीन जागी नेण्याची घाई नको. विक्रेत्याकडून लेखी घ्या की सोडल्यावर एडिट लॉगसह डेटा मिळेल, तो नमुना तुमच्या सीएला दाखवा, आणि त्याने मान डोलावली तरच दुसऱ्या वर्षी विचार करा.

अशी दोन सॉफ्टवेअर ठेवली तर एक नियम कडक पाळावा लागेल: विक्रीचं बिल एकाच ठिकाणी जन्माला यायला हवं. माझी शिफारस, ते नव्या सिस्टिममध्ये बनू द्या, कारण डिस्पॅच तिथे आहे. तिथूनच ई-इन्व्हॉइस जाऊ द्या आणि रोज संध्याकाळी दिवसभराची बिलं हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करा. दोन्हीकडे हाताने बिल करायची मुभा ठेवली की महिनाभरात नंबर जुळेनासे होतात. बिल तिथे बनतं म्हणजे एडिट लॉग तिथेही हवा, हे ध्यानात ठेवा. आणि हिशेबासाठी नव्या सर्व्हरची गरज नाही. दोन माणसं काम करतात, त्यांना एक चांगला नवा डेस्कटॉप, यूपीएस आणि भारतातल्या क्लाउडवर रोज रात्री आपोआप जाणारा बॅकअप पुरतो. मग तुम्हाला बारा युजरही लागत नाहीत. स्टोअर, उत्पादन, डिस्पॅच, खरेदी मिळून आठ धरले तर वर्षाचे ८६,४०० होतात.

सूट घ्यावी का? तीन वर्षांचे बारा युजरचे ३,८८,८०० होतात, सूट जाऊन ३,११,०४०. वाचतात ७७,७६०. पण हे पैसे तुम्ही कॅश क्रेडिटमधून, म्हणजे बँकेच्या व्याजी कर्जातून, देणार. व्याज १० टक्के धरलं तर आगाऊ भरलेल्या रकमेवर दोन वर्षांत सुमारे २३ हजार जातात, खरी बचत उरते ५४ हजारांच्या आसपास. आणि वर्षभरात सॉफ्टवेअर पटलं नाही तर १,८१,४४० रुपये अडकतात. त्याहून वाईट म्हणजे पैसे आधीच भरल्यावर विक्रेत्याच्या सपोर्टचा उत्साह कमी होतो, हे मी वारंवार पाहिलंय. पहिल्या तीन महिन्यांत तुम्हाला त्याच्या माणसाची रोज गरज पडणार आहे. एकाच वर्षाचे पैसे द्या आणि सवलतीऐवजी दरवाढीवर मर्यादा मागा, उदाहरणार्थ पहिली तीन वर्षं वार्षिक ७ टक्क्यांपेक्षा जास्त वाढ नाही, आणि हे करारात लिहून घ्या. अशी मर्यादा का हवी ते सर्व्हरसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअर या कंपनीच्या ग्राहकांना विचारा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद करून सगळ्यांना वर्गणीवर आणलं. विक्रेता कंपनी विकली जाऊ शकते, हे धरूनच करार करावा. महिनाअखेरीची मुदत हे त्याच्या टार्गेटचं गणित आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा फोन येईल.

करारात आणखी दोन गोष्टी बघा. ‘९९.९ टक्के अपटाइम’ म्हणजे महिन्याला सुमारे ४३ मिनिटं बंद राहायची परवानगी, आणि त्याहून जास्त बंद राहिलं तर भरपाई सहसा पुढच्या बिलात थोडी वजावट, एवढीच. तुमच्या गाड्या थांबल्या त्याचं नुकसान कोणी देत नाही. दुसरं, करार संपल्यावर किती दिवस डेटा मिळेल आणि कुठल्या स्वरूपात. निदान ९० दिवस मागा. जोडलेल्या फायलीही हव्यात: चलनांचे फोटो, टेस्ट सर्टिफिकेट, ड्रॉइंग. आकडे मिळतात आणि जोडलेल्या फायली मागेच राहतात, असं फार वेळा होतं.

ड्रॉइंगबाबत एक सावधगिरी. तुम्ही मोठ्या वाहन कंपन्यांचे पुरवठादार असाल तर त्यांच्या गोपनीयतेच्या करारात ड्रॉइंग तिसऱ्या कोणाच्या सर्व्हरवर ठेवायला मनाई असू शकते. तो करार काढून वाचा. मनाई असेल तर ड्रॉइंग कारखान्यातल्याच एका स्टोरेजवर ठेवा आणि त्याची एक हार्ड डिस्क दर आठवड्याला कारखान्याबाहेर नेऊन ठेवा.

पैसे भरण्याची एक किरकोळ वाटणारी पण त्रासदायक बाब. परदेशी सेवा कार्डवर घेतली तर दर महिन्याचं पेमेंट अडकू शकतं. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम बदलले आणि आता १५,००० रुपयांवरच्या आपोआप कपातीला दर वेळी मंजुरी द्यावी लागते. मंजुरीचा मेसेज कोणी पाहिला नाही की पैसे जात नाहीत आणि काही दिवसांत खातं बंद होतं. शक्य असेल तर भारतीय कंपनीकडून वार्षिक बिल घ्या आणि बँकेतून भरा. परदेशातून थेट बिल येत असेल तर रिव्हर्स चार्जने (विक्रेत्याऐवजी घेणाऱ्यानेच कर भरायची पद्धत) १८ टक्के आधी रोख भरून मग क्रेडिट घ्यावं लागतं, आणि खात्यात जीएसटी नंबर टाकायला विसरलात तर ते क्रेडिटही जातं.

तुमचा भाचा म्हणतो तसा थेट अमेझॉन किंवा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर भाड्याने घेऊन सगळं स्वतः चालवायचं का? तुमच्याकडे पूर्णवेळ जाणकार माणूस नाही, तेव्हा नको. तिथे मीटर चालू असतो आणि चालू ठेवून विसरलेल्या सर्व्हरचंही बिल येतं. स्थिर, ठरावीक कामासाठी ते महागही पडू शकतं. बेसकॅम्प बनवणारी ३७सिग्नल्स ही कंपनी २०२२ मध्ये क्लाउडवर वर्षाला ३२ लाख डॉलर खर्च करत होती. पुढच्या वर्षी तिने स्वतःचे सर्व्हर विकत घेऊन बहुतेक सगळं काम परत आणलं. पण तिच्याकडे ते सांभाळणारे लोक होते.

सुरुवात कधी करायची? मार्चमध्ये अजिबात नको. १ एप्रिलला नवी बिल मालिका सुरू होते तेव्हा विक्रीचं बिल नव्या सिस्टिमवर आणा, पण स्टोअर त्याच्या तीन-चार महिने आधी सुरू करा. सुरुवातीचा स्टॉक प्रत्यक्ष मोजून भरा. जुन्या सर्व्हरवरचा आकडा तसाच उचलला तर पहिल्या दिवसापासून चूक आत येते आणि दोष सॉफ्टवेअरला लागतो. दर तीन महिन्यांनी एका शनिवारी बॅकअप खरोखर परत चढवून बघा. एक जुनं बिल, एक लेजर, एका चलनाचा फोटो उघडला पाहिजे. बॅकअप झाल्याचा हिरवा मेसेज रोज येतो आणि आतली फाइल उघडत नाही, अशी उदाहरणं मी पाहिली आहेत.

राहिला जुना सर्व्हर. तो विकू नका, भंगारात देऊ नका. त्यावर जुन्या वर्षांची पुस्तकं आहेत आणि ती तुम्हाला जपायची आहेत. आधी पूर्ण डेटाची प्रत नव्या डेस्कटॉपवर उघडून बघा, दुसरी क्लाउडवर, तिसरी एका हार्ड डिस्कवर. लायसन्स नव्या मशीनवर हलवता येतं, डीलरकडून ते करून घ्या. डोंगलचं (लायसन्सची यूएसबी चावी) असेल तर डोंगल सांभाळा. मग सर्व्हरची नेटवर्क केबल काढा. त्यावर जुनं विंडोज असणार, आणि विंडोज १० ला सुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ पासून सुरक्षेचे मोफत अपडेट बंद झाले, तेव्हा असं मशीन नेटला जोडून ठेवणं म्हणजे रॅन्समवेअरला (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला) वाट देणं. वरच्या मजल्यावर कोरड्या जागी ठेवा, सहा महिन्यांनी एकदा चालू करून बघा. एक पूर्ण ऑडिट नव्या व्यवस्थेवर पार पडलं आणि सीएने जुनी वर्षं नव्या डेस्कटॉपवर तपासून घेतली, की मग तो मोडीत काढायला हरकत नाही. देताना हार्ड डिस्क मात्र काढून स्वतःकडे ठेवा.